पत्तेदाराची सही

१

‘सही खोटी आहे’ हे वाक्य त्या तक्रारीत चार वेळा होतं, आणि चारही वेळा त्याखाली पट्टी धरून लाल रेघ मारलेली होती.

टपाल खात्यात तक्रारींची चौकशी करणं हे माझं काम. हरवलेली, फाटलेली, भलत्याच्या हातात पडलेली पत्रं शोधायची. सतरा वर्षं हेच केलं आणि चांगलं केलं असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. म्हणूनच ही हकिगत सांगताना मान वर होत नाही. तरी सांगते.

एका बाईंच्या नावानं परदेशातून रजिस्टर्ड पत्र आलं होतं. अशा पत्राला साध्या पत्रासारखी मोकळीक नसते. ते मोहोरबंद पिशवीतून येतं. पिशवी दोघांच्या देखत उघडायची, यादीतला नंबर पाकिटावरच्या नंबराशी ताडून पाहायचा, मग पत्र जाळीच्या कपाटात कुलपात. सकाळी पोस्टमन सही करून ते ताब्यात घेतो आणि पत्तेदाराची सही घेऊनच सोडतो. दर वेळी हात बदलला की एक सही. पत्र हरवलं तर ज्या हातानंतर सही सापडत नाही, त्या माणसाची मान अडकते.

इथं तर शेवटची सही होती, पत्तेदाराचीच. पण दीड महिन्यानं पत्र पाठवणाऱ्या मुलीनं तिकडच्या पोस्टात चौकशी अर्ज भरला. ‘पत्र पोचलं का? उत्तर आलेलं नाही.’ अर्ज फिरत फिरत आमच्याकडे आला. आम्ही शिरस्त्याप्रमाणे, सही घेऊन पत्र दिल्याची नोंद कळवून, पत्त्यावर छापील विचारणा धाडली. उत्तर आलं ते बाईंच्या नवऱ्याकडून. आमच्या घरी असं पत्र आलेलं नाही. सही खोटी आहे.

हे गृहस्थ निवृत्त वजनमाप निरीक्षक होते. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले होते. निवृत्तीनंतरही सगळे त्यांना ‘साहेब’च म्हणायचे. मी घरी गेले तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली आणि माझ्या ओळखपत्रावरची तारीख आधी वाचली.

“माझ्या बायकोनं सही केलेली नाही. तिला विचारा,” ते म्हणाले.

बाई दाराशी उभ्या होत्या. “नाही,” त्या म्हणाल्या. एवढंच.

मी नमुन्याची सही मागितली. बाईंनी पेन घेतलं, पहिलं अक्षर सफाईनं काढलं, मग थांबल्या आणि उरलेलं नाव एकेक अक्षर सुटं करून लिहिलं. पोस्टमनच्या यादीतल्या सहीशी ते जुळेना. माझ्या दृष्टीनं निम्मं काम तिथंच झालं.

२

पोस्टात जाळीच्या कपाटाची किल्ली एका ताईंकडे असायची. मी समोर बसले तशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला.

“पिशवी उघडताना दुसरं कोण होतं?”

“होतं ना. सही आहे बघा.”

“सही आहे. माणूस होता का?”

त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवशी सोबतीचा कारकून उशिरा आला होता. पिशवी त्यांनी एकटीनंच उघडली आणि त्याची सही मागाहून घेतली. “पण पत्र मी पोस्टमनला दिलं हो. आईशप्पथ दिलं. त्यानं घेतल्याची सही आहे, ती तरी खरी धरा.”

ती खरीच होती. म्हणजे प्रश्न पोस्टमनपाशी येऊन थांबला.

ऑफिसात त्याला ‘घुम्या’ म्हणत. बावीस वर्षांची नोकरी, एकही तक्रार नाही, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. तो आला, टोपी हातात धरून उभा राहिला.

“पत्र कोणाला दिलंस?”

“ज्यांचं होतं त्यांना.”

“घरी?”

त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली.

“मी विचारतेय, त्यांच्या घरी जाऊन दिलंस का?”

“ज्यांचं होतं त्यांच्याच हातात दिलं, मॅडम.”

मी त्याच्या बटवड्याची यादी समोर ठेवली. सहीपुढे वेळ लिहिली होती : तीन वीस. साहेबांचं घर त्याच्या बीटातल्या, म्हणजे रोजच्या फेरीतल्या, अगदी पहिल्या रस्त्यावर. तिथला बटवडा अकराच्या आत उरकतो. “सकाळच्या घरी तीन वाजता कसा गेलास?” त्यानं जमिनीकडे पाहिलं.

मग मी यादी खिडकीच्या उजेडात धरली आणि चमकले. सहीच्या जागी बारीक भोकांची रांग होती. टाचणीनं टोचावीत तशी, एकसारख्या अंतरावर. खरी सही खाली ठेवून वरून टोचत जायचं, मग ठिपके जोडायचे. ही फसवणुकीची जुनी तऱ्हा मी वाचली होती. माझ्या अंगावर शहारा आला. आनंदाचा, हे आज कबूल करते.

“उद्या तुझ्या घराची झडती,” मी म्हणाले.

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. “घरी वडील अंथरुणाला खिळलेत. सकाळी लवकर या, गल्ली जागी व्हायच्या आत.”

मी दहा वाजता गेले.

३

दहा वाजता गल्ली भरलेली होती. नळाशी बाया, कट्ट्यावर म्हातारे, दारादारांत माणसं. सोबत दोन शिपाई घेऊन मी आत शिरले आणि दार उघडंच ठेवलं. तसा नियम नव्हता. मला तसं बरं वाटलं.

दोन खोल्या. त्याची बायको भिंतीला टेकून उभी राहिली. आम्ही ट्रंका उपसल्या, गाद्या उलट्या केल्या, डबे उघडले. काही नाही. आतल्या खोलीत त्याचे वडील खाटेवर पडून होते. उशाशी भिंग, आणि पांघरुणाखाली काहीतरी चौकोनी.

“ते काय आहे?”

“माझी वही,” म्हातारा म्हणाला. “पाखरांची.”

मी पांघरूण बाजूला केलं. वहीत टपाल तिकिटं चिकटवलेली होती. पाणकोंबडी, गरुड, घुबड, रंगीत चिमण्या. सगळी एकाच परदेशाची. प्रत्येक तिकिटाभोवती पाकिटाचा कागद थोडा राखून कापलेला, आणि त्या कागदाची कड करवतीसारखी दातेरी. मी मोजली. सदतीस तिकिटं.

शेवटचं तिकीट मोठं होतं. त्यावरचा शिक्का मी भिंगातून वाचला. जी तारीख मुलीनं अर्जात पत्र टाकल्याची म्हणून लिहिली होती, तीच.

“हे कुठून आलं?” मी वळून विचारलं.

घुम्या दारात उभा होता. त्याच्यामागे गल्ली होती. त्यानं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, वही तेवढी ठेवा,” म्हातारा म्हणाला. “दिवस जात नाही हो.”

मी वही जप्त केली. बाहेर पडताना कोणीतरी म्हणालं, “घुम्या, आणि आतून असा!” मला ते ऐकू आलं आणि मी गालातल्या गालात हसलेही असेन.

त्याच संध्याकाळी त्याच्या निलंबनाच्या कागदावर मी सही केली.

४

चोर सापडला तरी पत्र सापडलं नव्हतं. साहेबांना तसं कळवायला मी त्यांच्या घरी गेले.

ते खूश झाले. “काटा सरळ असला म्हणजे झालं. माणूस कोण, हे बघायचं नसतं.”

बाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी पेला ठेवला आणि न विचारताच बोलल्या, “त्यांना कामावरून काढलं?”

“तूर्त निलंबित.”

“त्यांचे वडील आजारी असतात,” बाई म्हणाल्या, आणि लगेच आत गेल्या.

रस्त्यावर आल्यावर मी थबकले. घुम्याचे वडील आजारी आहेत, हे बाईंना कसं ठाऊक? तो तर कोणाशी बोलत नसे. दारात पत्र टाकून जाणाऱ्या पोस्टमनच्या बापाची खबर ज्या बाई ठेवतात, त्या त्याच्याशी पुष्कळदा बोलल्या असल्या पाहिजेत. कुठे?

ऑफिसात परत येऊन मी यादी पुन्हा उजेडात धरली. या वेळी घाई न करता, भिंग घेऊन.

भोकं सहीच्या अक्षरांवरून जात नव्हती. सहीत वळणं होती, वेलांट्या होत्या. ठिपके त्यांना जुमानत नव्हते. ते खालच्या ओळीतून सुरू होऊन सही ओलांडत वरच्या दोन ओळींपर्यंत गेले होते, एका लांब, सावकाश वळणानं. त्यांच्यावरून सही गिरवता येणं शक्यच नव्हतं. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं होतं.

वही उघडली. सदतीस कडा दातेरी. घुम्याच्या घरातली एकूण एक वस्तू मी स्वतः उपसली होती. कात्री एकच निघाली होती, साधी, गंजलेली. मग ही तिकिटं कापली कोणी?

आणि तीन वीस. तो कधी खोटी वेळ लिहीत नसेल, तर त्या वेळी तो होता कुठे?

५

दुसऱ्या दिवशी मी बदली पोस्टमनबरोबर घुम्याचं बीट पायी फिरले. पहिला रस्ता, साहेबांचं घर, मग छापखाना, गोदामं, दवाखाना, दोन चाळी. पाय बोलायला लागले. सव्वातीनला आम्ही शेवटच्या गल्लीत वळलो. खाली लोखंडाचं दुकान, वर लाकडी जिना, आणि वरून कसलीतरी संथ घरघर.

“वर काय आहे?”

“शिवणवर्ग. घुम्या रोज इथं टेकायचा म्हणे, पाणी प्यायला.”

घड्याळात तीन अठरा. मी जिना चढले.

लांब खोली, दहा-बारा मशिनं, त्यांवर वाकलेल्या मुली. भिंतीवर खिळ्यांना कागदाचे कट टांगलेले : बाही, पाठ, गळा. मी एक कट हातात घेतला. त्याच्या कडेनं बारीक भोकांची रांग होती, सावकाश वळणाची. शेजारची मुलगी हसून म्हणाली, “मुंढा आहे तो. बाही जिथं बसते ना, तिथला. असं करतात.” तिनं मूठ असलेलं एक दातेरी चाक कागदावर फिरवलं. कर्रर्र आवाज झाला आणि कागदाखालच्या कापडावर ठिपके उमटले. टेबलावर एक जड कात्री पडली होती. मी तिनं कागदाचा कोपरा कापला. कड करवतीसारखी आली.

टेबलाच्या टोकाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाई कापड मापत होत्या. “बाई, कोणी आलंय,” मुलीनं हाक दिली.

त्या वळल्या. मला बघून त्यांच्या हातातली मापाची पट्टी खाली पडली.

साहेबांची बायको.

६

त्यांनी मुलींना पाच मिनिटं खाली पाठवलं. मग स्टुलावर बसल्या.

“सही तुमचीच ना?” मी विचारलं.

“माझीच. पत्र वाचत होते, यादी टेबलावर कटाखाली सरकली. एकीनं वरून चाक फिरवलं. मी म्हटलंसुद्धा, अगं, सरकारी कागद तो.”

“मग नाही का म्हणालात?”

त्या पदराच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. मग बोलल्या ते सलग.

दहा वर्षांपूर्वी साहेबांनी चुलतभावाच्या दुकानातल्या खोट्या काट्यावर खरेपणाचा शिक्का मारला. आयुष्यात एकदाच. मुलीनं ते पाहिलं आणि बापाला म्हणाली, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. त्यांनी सांगितलं नाही. तिनं त्यांच्या कचेरीला पत्र लिहिलं. साहेबांना वेळेआधी निवृत्त व्हावं लागलं. मुलगी शिकायला परदेशी गेली ती गेलीच. पुढं लग्नही तिकडेच. तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा साहेबांनी ते फाटकातच, पोस्टमनच्या देखत, न उघडता जाळलं.

“दुसरं पत्र आलं तेव्हा घुम्याभाऊंनी ते घरी आणलंच नाही. इथं आणून दिलं. म्हणाले, तुमचं आहे, तुमच्या हातात देतो. तेव्हापासून तसंच.”

“लेकीला इथलाच पत्ता का दिला नाही?”

“दिला होता. ऐकत नाही. मी घरीच लिहिणार, म्हणते. कधीतरी बाबा उघडतील. बापासारखीच हट्टी.” त्या किंचित हसल्या आणि ते हसू तिथंच विझलं. “तिकिटं मी भाऊंना द्यायचे, त्यांच्या वडिलांसाठी. याच कात्रीनं कापून.”

“आणि या वेळच्या पत्रात काय होतं?”

“मुलाला घेऊन येतेय. विचारलंय, घरी येऊ का? काय उत्तर देऊ? तेव्हापासून पाकीट उशीखाली आहे. तिला वाटलं, पोचलंच नाही. तुमचा कागद घरी आला तो ह्यांच्या हातात पडला. ह्यांनी विचारलं, तुला परदेशातून पत्र आलं का? मी भ्याले. नाही म्हटलं. एक शब्द गेला तोंडातून. मग भाऊंवर आलं, आणि रोज वाटायचं, आज सांगीन.”

“त्यांनी तुमचं नाव घेतलं असतं तर एका वाक्यात सुटले असते. पत्र पत्त्यावर न देता पत्तेदाराला दुसरीकडे दिलं, याला फार तर समज देतात.”

“मीच म्हटलं होतं त्यांना, घरी कळू देऊ नका.” त्यांनी तोंड झाकून घेतलं. “नऊ वर्षांपूर्वी. त्यांनी अजून पाळलं.”

मी त्यांना रागावू शकले असते. पण त्या एका शब्दानं खोटं बोलल्या होत्या, तेही भिऊन. मी तर दार उघडं ठेवून झडती घेतली होती, आणि मला कोणाची भीती नव्हती.

“तुमचा लेखी जबाब लागेल,” एवढंच म्हणाले.

“उद्या येते.”

७

उद्या त्या आल्या नाहीत. परवाही नाही. मला साहेबांच्या घरी जाऊन सगळं त्यांच्यापुढे मांडता आलं असतं. गेले नाही. इथून पुढे कोणाच्या घरात शिरायचं धाडस मला होत नव्हतं. त्या दोन दिवसांत मी वही म्हाताऱ्याला पाठवून दिली. स्वतः नेली नाही, शिपायाबरोबर पाठवली. तेही लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी पोस्ट उघडताच बाई आल्या. हातात परदेशी पाकीट होतं. त्यांच्यामागे चार पावलांवर साहेब.

“मी काल रात्री ह्यांना सांगितलं,” बाई म्हणाल्या. “जबाब कुठं लिहू?”

त्या लिहीत होत्या तोवर साहेब काउंटरवरच्या तराजूकडे बघत उभे होते. मग त्यांनी माझ्याकडून आपली तक्रार मागून घेतली. तळाशी लिहिलं : ‘सही खरी आहे. तक्रार मागे.’ या वेळी खाली रेघ मारली नाही.

“किती पत्रं होती?” त्यांनी विचारलं. मला की बायकोला, कळलं नाही.

“सदतीस,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जाळलंत ते सोडून.”

“मला एकदाही...”

“तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.”

बाईंनी पिशवीतून दुसरं पाकीट काढलं, लेकीसाठी, रजिस्टर करायला. जाळीच्या ताईंनी वजन केलं, नंबराची चिठ्ठी चिकटवली. “पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता?”

बाईंनी घरचा पत्ता लिहिला आणि पेन नवऱ्यापुढे धरलं. “तुमचंही घालू?”

साहेबांनी पेन घेतलं नाही. “तिला ये म्हणून लिहिलंयस ना?”

“लिहिलंय.”

“मग माझं नाव नको. आत्ता नको. मला तोंड नाही.” आणि ते काउंटरला पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे बघायला नकोत म्हणून मी कागद आवरायला घेतले.

८

निलंबन दुपारीच उठलं. अहवालात मी लिहिलं की झडती अनावश्यक होती आणि ठिपक्यांचा अर्थ मी चुकीचा लावला. वरिष्ठ म्हणाले, “एवढं कशाला लिहायचं? माणूस परत कामावर आला ना?” मी खोडलं नाही.

संध्याकाळी घुम्याच्या घरी गेले. तो घरात नव्हता, वडिलांची औषधं आणायला गेला होता. त्याच्या बायकोनं मला आत घेतलं आणि दार लोटून घेतलं.

“ताई, माझं चुकलं. मी माफी मागायला आले.”

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “झडती गल्लीसमोर घेतलीत, मॅडम. माफी खोलीत मागताय?”

मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा गेले. तीच माणसं, तेच नळ, तोच कट्टा. घुम्या पिशवी खांद्याला लावून नुकताच बाहेर पडला होता. मला बघून थांबला. मी गल्लीच्या मध्यभागी उभी राहिले. सतरा वर्षं लोकांचे जबाब घेतले होते, स्वतःचा कधी दिला नव्हता.

“ऐका,” मी म्हणाले. कोणीतरी नळ बंद केला. “गेल्या आठवड्यात मी यांच्या घराची झडती घेतली. यांनी काहीही चोरलं नव्हतं. पत्र ज्यांचं होतं त्यांनाच यांनी दिलं होतं. मी नीट न बघता यांना चोर ठरवलं.”

कट्ट्यावरच्या एकानं विचारलं, “मग चोर कोण निघाला?”

सगळे पुढे सरकले. त्यांना नाव हवं होतं. घुम्यानं झटकन माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विनंती होती. त्या बाईंचं नाव माझ्या तोंडून जाईल की काय, ही.

“चोर कोणीच नव्हतं,” मी म्हणाले. “चूक झाली होती. माझी.”

माणसं हिरमुसली आणि पांगली. नळ पुन्हा सुरू झाला. घुम्या टोपी नीट करत म्हणाला, “येतो मॅडम, उशीर होतोय,” आणि पहिल्या रस्त्याकडे चालू लागला.